पहाडावरची नवी झाडे

विदर्भातल्या आमच्या पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती ज्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली, तो खडक सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या रूपाने दख्खनभर पसरला. तेव्हा हिमालय अस्तित्वातच नव्हता. भारताचे भूखंड आशियाला येऊन भिडायला अजून दीडेक कोटी वर्षांचा अवकाश होता. तरीही आपल्याकडे हिमालयाचा उल्लेख आद्य आणि सनातन अशाच शब्दांनी होतो, आणि तिथल्या फुलझाडांकडेही आपण सृष्टीच्या आरंभापासून जपून ठेवलेला ठेवा म्हणून पाहतो. सातपुड्यातल्या गाविलगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वनस्पतीशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले आणि या विषयावर जे जे वाचायला मिळाले ते मी वाचत आलो. त्यातून माझे मत ठाम होत गेले की उंच पर्वत हे जुन्या वनस्पतींचे कोठार असण्यापेक्षा नव्या वनस्पती घडण्याची जागा अधिक आहेत. वृक्षरेषेच्या, म्हणजे ज्या उंचीपलीकडे झाडे उगवत नाहीत त्या रेषेच्या, वर वाढणाऱ्या कित्येक जाती पृथ्वीवरच्या सर्वांत तरुण जातींमध्ये मोडतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण हिमालयापासून फार दूर, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावर सापडते. तिथे ल्युपिन नावाची वनस्पती आहे, आपल्या तूर-हरभऱ्याच्याच कुळातली. कॉलिन ह्यूज आणि रूथ ईस्टवुड या दोन शास्त्रज्ञांनी तिच्या अँडीजमधल्या 81 जातींचा डीएनए तपासून 2006 मध्ये असे दाखवले की या साऱ्या जाती एकाच पूर्वजापासून अवघ्या 15 लाख वर्षांच्या आसपास निर्माण झाल्या. त्यांतल्या काही जमिनीला चिकटून सरपटतात, तर काहींची माणसापेक्षा उंच, लाकडी खोडाची झुडपे होतात. भूशास्त्राच्या हिशेबात 15 लाख वर्षे म्हणजे काहीच नाही. आमच्या मातीच्या खडकाचे वय त्याच्या चाळीस पटींहून जास्त आहे. अँडीजची शिखरे पुरेशी उंच झाली, तिथे थंड, उघडी, कोणीही न व्यापलेली जमीन तयार झाली, आणि तिथे पोहोचलेल्या एका पाहुण्या वनस्पतीच्या वंशाने ती जमीन भरून काढली.

उंचीमुळे नेमके काय होते हे समजायला अँडीजपर्यंत जायची गरज नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाला लागले की खाली कपाशी, तूर आणि संत्र्यांच्या बागा मागे पडतात, मग साग आणि धावडा लागतो, आणि तासाभरात आपण सुमारे सातशे मीटर वर पोहोचलेले असतो. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे या एका घाटात साडेचार-पाच अंशांचा फरक पडतो. सपाट मैदानातून तेवढाच फरक अनुभवायचा तर उत्तरेकडे शेकडो किलोमीटर चालत राहावे लागेल. त्याहून बारीक फरक डोंगराच्या दोन अंगांमध्ये असतो. पावसाळा सरून दिवाळी आली की गाविलगडच्या दक्षिणेकडच्या उतारावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते, कारण तिथे ऊन थेट आणि दिवसभर पडते. त्याच कड्याच्या उत्तरेकडच्या कपारीत, जेमतेम पन्नास पावलांवर, खडक ओला असतो, त्यावर शेवाळ असते आणि नेच्याची पाने अजून हिरवीगार असतात. ज्या अंतरात शेतकरी कपाशीच्या काही ओळी टोबतो तेवढ्या अंतरात डोंगराने दोन वेगळी हवामाने मांडलेली असतात.

मात्र आमचा पहाड वैराटजवळ, 1178 मीटरवर, संपतो. त्याने हवामानाचे तुकडे केले, पण झाडांना हद्दपार करील इतकी थंडी तो निर्माण करू शकला नाही. त्यासाठी हिमालयात जावे लागते. मी उत्तराखंडातल्या तुंगनाथच्या देवळाला जाऊन आल्यावर शेजारच्या एका वयस्कर शेतकऱ्याने मला विचारले होते, ‘‘गुरुजी, एवढ्या बर्फात थे झाडं मरत काहून नाईत?’’ प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. त्याचे उत्तर असे की झाडे तिथे टिकतच नाहीत, टिकतात त्या झाडांपेक्षा बुटक्या वनस्पती. ख्रिस्तियान कॉर्नर या स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने जगभरच्या पर्वतांवरच्या वृक्षरेषा तपासल्या, आणि वाढीच्या हंगामातले सरासरी तापमान सहा-साडेसहा अंशांच्या आसपास आले की झाडे संपतात असे त्याला आढळले, मग तो पर्वत कोणत्याही खंडातला असो. झाडाचा शेंडा वाऱ्यात उभा असतो, त्यामुळे त्याला हवेइतकेच थंड राहावे लागते. अशा थंडीत पाने अन्न तयार करू शकतात, पण त्या अन्नापासून नव्या पेशी उभारण्याचे काम जवळजवळ थांबते. जमिनीलगतच्या वनस्पतीचे तसे नसते. ऊन पडले की माती तापते, पाने दाटीने असल्यामुळे ती ऊब धरून ठेवतात, आणि हवेपेक्षा कितीतरी अधिक उबेत तिचे काम चालू राहते.

हे मी तुंगनाथच्या वाटेवर हाताने अनुभवले. पायवाट सुरू होते त्या चोपत्याला आपण बुरांशच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, मोठ्या वृक्षांखालून निघतो. लाल फुलांचा हा वृक्ष चांगला घराएवढा उंच होतो. वर चढत गेले की ती जात मागे पडते आणि वृक्षरेषेपाशी त्याच प्रजातीतली दुसरी जात भेटते. ती पुरुषभर उंचीची, वाकड्या फांद्यांची असते आणि बर्फाच्या ओझ्याने उताराच्या दिशेने झुकलेली दिसते. तिचे पान उलटून पाहिले तर खालच्या बाजूला तपकिरी लव असते, इतकी दाट की बोट फिरवले तर मऊ कापडावरून फिरल्यासारखे वाटते. आणखी वर, देवळाच्या आसपासच्या खडकाळ उतारावर, तिसरी जात येते. तिची पाने चुरगळली की उग्र सुगंध येतो आणि झुडूप गुडघ्याच्याही खाली राहते. एकाच घराण्यातल्या तीन जाती एका दिवसाच्या चालीत अशा क्रमाने समोर आल्या की पुस्तकातले अख्खे प्रकरण पायाखालून गेल्यासारखे झाले. त्याच उतारावर खडकाच्या खाचेत एक उशीसारखी गोल वनस्पती होती. बोचरा वारा सुटला होता आणि कानाच्या पाळ्या दुखत होत्या. मी खाली बसून तिच्या पानांच्या दाट गर्दीवर तळहात ठेवला. ती आतून स्पष्टपणे उबदार होती.

आता इथे एक शंका येते, आणि ती शास्त्रज्ञांनाही आली होती. उंचीवरची बुटकी वनस्पती ही खरोखर वेगळी असते, की खालचीच वनस्पती थंडीमुळे खुरटलेली असते? गास्तों बोनिए या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैदानी रोपे आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांवर नेऊन लावली आणि ती काही वर्षांत पर्वतीय जातींत रूपांतरित झाली असा दावा केला. तो दावा टिकला नाही. त्याचा निकाल लागला तो कॅलिफोर्नियात, जेन्स क्लॉसन, डेव्हिड केक आणि विल्यम हायसी या तिघांनी 1940 च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या चिकाटीच्या कामातून. त्यांनी तीन बागा केल्या होत्या: एक समुद्रकिनाऱ्याजवळ स्टॅनफर्डला, दुसरी सिएरा नेवाडाच्या मधल्या उतारावर 1400 मीटरवर आणि तिसरी वृक्षरेषेपाशी 3050 मीटरवर. पोटेंटिला नावाच्या वनस्पतीचे एकच रोप घ्यायचे, त्याचे तुकडे करायचे आणि ते तिन्ही बागांत लावायचे, म्हणजे आनुवंशिकतेत काहीही फरक राहत नाही आणि जो फरक दिसेल तो निव्वळ जागेचा असतो, अशी ती योजना होती. प्रयोग म्हणून इतकी स्वच्छ रचना क्वचितच पाहायला मिळते, आणि वर्गात ती शिकवताना मला दरवेळी नव्याने आनंद होत असे.

किनाऱ्यावरची रोपे शिखरावरच्या हिवाळ्यात टिकली नाहीत. शिखरावरची रोपे किनाऱ्यावर आणल्यावर सौम्य हिवाळ्यातही झोपी गेली, कारण हिवाळ्यात झोपायचे हे त्यांच्या रक्तातच होते, आणि त्या ऊबदार बागेत ती जोमाने वाढलीच नाहीत. जागेमुळे आकारात थोडाफार बदल जरूर झाला, पण एका प्रकाराचे दुसऱ्यात रूपांतर झाले नाही. म्हणजे एकाच जातीच्या आत, एकाच पर्वताच्या उतारावर, उंचीप्रमाणे निवड होऊन आनुवंशिकदृष्ट्या वेगळे प्रकार तयार झालेले होते. नवी जात होण्याच्या वाटेवरचे पहिले पाऊल त्या तीन बागांत स्पष्ट दिसले.

पुढचे पाऊल ताटातुटीचे असते. उंच शिखर हे तिथल्या वनस्पतींसाठी बेट असते. खालच्या उष्ण दरीत त्यांचे बी रुजत नाही, त्यामुळे समोरच्या शिखरावरची भावकी डोळ्यांना दिसत असली तरी परागांची देवाणघेवाण होत नाही. गेल्या सुमारे 26 लाख वर्षांत पृथ्वीवर हिमयुगे आली आणि गेली, आणि प्रत्येक फेऱ्यात वनस्पतींचे पट्टे उतारावरून खाली सरकले आणि पुन्हा वर चढले. खाली सरकले की शेजारच्या शिखरांवरचे गट एकत्र येत, आणि वर चढले की पुन्हा वेगळे होत. तुंगनाथला ज्या बुरांशच्या सावलीत मी बसलो होतो त्याच जातीची एक उपजात दक्षिणेत निलगिरीच्या माथ्यावर वाढते, आणि मधल्या विस्तीर्ण मुलुखात, आमच्या सातपुड्यासकट, त्या जातीचे एकही नैसर्गिक ठिकाण नाही. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात असा सिद्धान्त मांडला की पूर्व हिमालयातले, वेगवान प्रवाहात राहणारे मासे सातपुड्याच्या रांगेवरून सह्याद्रीत पोहोचले. या सिद्धान्तावर पुढे बरेच वाद झाले आणि तो जसाच्या तसा मान्य झालेला नाही, शिवाय मासे आणि बुरांश यांचे मार्ग एकच असतील असे गृहीत धरणेही योग्य नाही. तरीही थंड कालखंडात भारताच्या मध्यावरच्या डोंगरांची हवा आजच्यासारखी नव्हती हे ध्यानात घेतले की गाविलगडकडे पाहण्याची नजर बदलते. आपण ज्याला थंड हवेचे लहानसे ठिकाण समजतो, ते एखाद्या लांबच्या प्रवासातला मुक्काम असू शकते.

ताटातुटीइतकेच पुनर्भेटीलाही महत्त्व आहे, आणि हे समजून घ्यायला विदर्भातल्या शेतकऱ्यासारखा विद्यार्थी नाही. आपल्याकडे पूर्वी घेत असलेल्या देशी कापसाच्या पेशीत 26 गुणसूत्रे असतात आणि आज सगळीकडे दिसणाऱ्या अमेरिकन कापसात 52. या दुसऱ्या कापसाचा जन्म 10 ते 20 लाख वर्षांपूर्वी झाला, जेव्हा जुन्या जगातल्या कापसाचा एक वंश अमेरिकेतल्या कापसाशी संकरित झाला आणि दोघांचेही गुणसूत्रांचे पूर्ण संच एकाच वनस्पतीत राहिले. अशा वनस्पतीला बहुगुणित म्हणतात. तिचा आपल्या जनकांशी पुन्हा संकर सहजासहजी होत नाही, त्यामुळे एक-दोन पिढ्यांतच वेगळी जात उभी राहू शकते. बर्फ मागे हटून मोकळ्या झालेल्या जमिनीवर, जिथे दुरावलेले गट पुन्हा एकमेकांना भेटतात, तिथे अशा बहुगुणित जातींना मोठा वाव मिळतो. उत्तर ध्रुवाकडच्या आणि उंच पर्वतांवरच्या वनस्पतींमध्ये त्यांचे प्रमाण लक्षणीय आहे. ज्या क्रियेने आमच्या शेतातले पांढरे सोने घडले, तीच क्रिया हिमरेषेपाशीही चालू आहे.

परागीभवन करणाऱ्या कीटकांचा वाटाही मोठा आहे. हिमालय आणि त्याच्या पूर्वेकडच्या, चीनमधल्या हंगद्वान पर्वतरांगांत पेडिक्युलारिस नावाच्या वनस्पतीच्या शेकडो जाती आहेत. त्यांतल्या अनेक एकाच कुरणात, एकाच वेळी फुलतात आणि सगळ्यांना भेट देणारे केसाळ भुंगेही तेच असतात. फरक फुलाच्या आकारात असतो. एखाद्या जातीचे पराग भुंग्याच्या डोक्यावर लागतात, दुसरीचे पाठीवर, तिसरीचे पोटाखाली, आणि त्याच जातीच्या दुसऱ्या फुलातला पराग स्वीकारणारा भाग नेमका त्याच जागी टेकतो. भुंगा एकच असूनही सरमिसळ कमी होते. याच रांगांत चार हजार मीटरच्या वर रेवंदचिनीच्या गोतातली एक वनस्पती माणसाएवढी उंच उभी राहते, जी सगळ्या शेजाऱ्यांच्या बुटकेपणाला अपवाद आहे. तिने आपल्या फुलांभोवती फिकट पिवळ्या, अर्धपारदर्शक पानांची एकावर एक पांघरुणे घेतलेली असतात. त्यांतून प्रकाश आत जातो, घातक अतिनील किरण बरेचसे अडतात, पाऊस परागांपर्यंत पोहोचत नाही आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार राहते. त्या उबेत लहान माश्या येतात, परागीभवन करतात आणि तिथेच अंडी घालतात.

हंगद्वानचा उल्लेख आला म्हणून थोडे थांबतो, कारण समशीतोष्ण प्रदेशातल्या पर्वतांपैकी सर्वांत समृद्ध फुलसृष्टी तिथे आहे. सुमारे 12,000 जातींच्या वनस्पती या एका प्रदेशात नोंदलेल्या आहेत. 2017 मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार तिथे नव्या जाती तयार होण्याचा वेग सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी वाढला आणि त्याचा संबंध पर्वत उंचावण्याशी जोडता येतो. 2020 च्या दुसऱ्या अभ्यासाने त्या फुलसृष्टीची मुळे त्याहून खूप मागे, 3 कोटी वर्षांपूर्वीपर्यंत नेली, आणि पर्वताच्या उठावाबरोबर आणखी एक कारण पुढे केले: पाऊस. आशियाई मोसमी पावसाचा जोर जसजसा वाढला तसतशा नद्यांनी दऱ्या अधिक खोल कापल्या, उतार तुटले, ओली आणि कोरडी अंगे निर्माण झाली आणि वनस्पतींच्या जाती वाढत गेल्या. मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या प्रदेशात राहून हे वाचताना मला विलक्षण वाटले. ज्या मोसमी व्यवस्थेचा आम्ही पेरणीसाठी हिशेब करतो, तिनेच त्या दूरच्या शिखरांवर जातींची ही रेलचेल घडवली आहे.

अलीकडे या साऱ्यात आणखी एका शक्तीची भर पडली आहे, आणि ती माणसाची आहे. हंगद्वानमध्ये खडकाळ उतारांवर फ्रिटिलारिया नावाच्या कंद असलेल्या वनस्पतीची एक जात वाढते. तिचा कंद चिनी औषधात वापरला जातो आणि तो खणून काढण्याची प्रथा 2,000 वर्षांहून जुनी आहे. मूळच्या रोपांची पाने हिरवीगार असतात आणि ती दुरूनही दिसतात. जिथे खणणी फार झाली आहे तिथली रोपे मात्र राखाडी आणि तपकिरी झालेली आहेत, मागच्या दगडांच्या रंगाशी इतकी मिळतीजुळती की शोधणाऱ्याची नजर त्यांच्यावरून निसटते. जे रोप दिसले ते उपटले गेले, जे दिसले नाही ते बी धरून राहिले, आणि पिढ्यान्पिढ्या हीच निवड होत गेली. तसेच हिमकमळाच्या एका जातीबाबत घडले आहे. मोठ्या फुलोऱ्याला भाव जास्त मिळतो म्हणून मोठी झाडे फुलोऱ्यावर असतानाच खुडली जातात, आणि वनस्पतीसंग्रहांतल्या शंभरेक वर्षांच्या नमुन्यांशी ताडून पाहिल्यावर 2005 मध्ये असे दिसून आले की त्या जातीची झाडे काळानुसार बुटकी होत गेली आहेत.

युरोपातल्या 302 शिखरांच्या नोंदी एकत्र करून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिखरांवरच्या जातींची संख्या वाढत असल्याचे आढळले. ही बातमी वरवर आनंदाची आहे. पण वर येणाऱ्या बहुतेक जाती खालच्या पट्ट्यातल्या आहेत, उंच वाढणाऱ्या आणि हवा तापल्यामुळे वर सरकणाऱ्या, आणि शिखरावर आधीपासून असलेल्या बुटक्या जातींना आणखी वर जायला जागा नाही. हिमयुगांच्या फेऱ्यांत वनस्पतींचे पट्टे हजारो वर्षे घेऊन सरकत होते, त्यामुळे निवडीला आणि संकराला आपले काम करायला वेळ मिळत होता. आताचा बदल दशकांत मोजावा लागतो. ल्युपिनच्या 81 जाती घडायला लागलेला काळ भूशास्त्राला अत्यल्प वाटतो, पण त्या काळातसुद्धा एक नवी जात घडायला सरासरीने हजारो वर्षे लागली. त्या वेगाची आणि आजच्या तापमानवाढीची गाठ कशी पडणार, याची मला खरी काळजी वाटते. म्हणून तुंगनाथसारख्या ठिकाणी कोणती जात नेमक्या किती उंचीवर संपते आणि कोणती सुरू होते याची दरवर्षी शांतपणे नोंद करणारे संशोधक मला फार मोलाचे वाटतात. गाविलगडच्या माथ्यावर आणि कपारींतही अशी नोंद गावागावातल्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांकडून सुरू व्हावी असा माझा आग्रह आहे, कारण वैराटच्या वर आमच्या नेच्यांनाही सरकायला जागा नाही, आणि ते आज कुठवर आहेत हे लिहून ठेवल्याशिवाय ते उद्या कुठे गेले हे कोणालाच सांगता येणार नाही.